खताचं खत

मुंबईच्या मेसर्स पिकरिंग, झावबा आणि कंपनी या बड्या सॉलिसिटरांनी उपेंद्र चिटणीसला दुसऱ्यांदा मुलाखतीला बोलावलं, ही बातमी त्याच्या स्वतःच्या घरी सगळ्यांत शेवटी पोचली. पोस्टमन सावळाराम लांबट पाकीट उन्हाकडे धरून पाहिल्याशिवाय देत नसे, आणि त्याला इंग्रजी येत नसल्यामुळे वाटेतल्या तीन ओट्यांवर त्यानं जाणकारांचा सल्ला घेतला होता. पत्र उपेंद्रच्या हातात पडलं तेव्हा समोरच्या सरोजमावशी पेढ्यांची आठवण करून देऊन परतही गेल्या होत्या.

दुसऱ्यांदा बोलावणं हा प्रकार भोरला नवा होता. संस्थान होतं तेव्हा माणसाला एकदाच बोलावत आणि त्यातच काय तो निकाल लागे. उपेंद्रचे वडील नारायणराव यांनी संस्थानच्या दफ्तरात बत्तीस वर्षं काढली होती, आणि संस्थान विलीन झाल्यापासून तेही जवळजवळ विलीनच झाले होते. त्यांच्या मते दोनदा बोलावतात ते फक्त आरोपीला. बाकी अनुभव म्हणायचा तर मुली दाखवण्याचा, आणि त्या विषयातली घरातली अधिकारी व्यक्ती म्हणजे धाकटी बहीण सौदामिनी. तिला चार ठिकाणी दाखवून झालं होतं. ती म्हणाली, "पहिल्या खेपेला नाव विचारतात. दुसऱ्या खेपेला चालून दाखवायला सांगतात. दादा, तू चालताना वर बघतोस. तेवढं सांभाळ."

उपेंद्र वर बघत असे हे खरं. पहिल्या मुलाखतीत तो त्या खोलीत सात मिनिटं होता आणि त्यांतली पाच त्यानं छताच्या पंख्याकडे बघण्यात घालवली. तो पंखा इतका सावकाश, इतका खानदानी फिरत होता, की त्याच्याखाली बसलेल्या माणसाला आयुष्यात कधी धावत एसटी पकडावी लागली नसेल. भोरला परतल्यापासून तो पंखा उपेंद्रच्या डोक्यात फिरत होता. आंघोळ करताना, आमटी भुरकताना, कोर्टाच्या व्हरांड्यात अशिलाची वाट पाहताना तो त्या वाऱ्याखाली बसलेला असे. समोरचे कागद किंचित हलत, आणि तो त्यांच्यावर काचेचं वजन ठेवी. अशील येत नसल्यामुळे या कामाला वेळ भरपूर मिळे. दोन वर्षांच्या वकिलीत त्याला दोन प्रकरणं मिळाली होती. एकात तडजोड झाली, दुसऱ्यात फिर्यादीच वारला. तेव्हा नारायणरावांनी सांगून टाकलं होतं, की मुंबई जमली तर उत्तम, नाहीतर तालुका कचेरीत नकलनविसाच्या जागेबद्दल शब्द टाकून ठेवला आहे. नकलनवीस म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं जन्मभर पुन्हा लिहिणारा. त्या कचेरीत पंखा नव्हता. छतसुद्धा काही ठिकाणी नव्हतं.

घोटाळा पत्राच्या शेवटच्या ओळीत होता. उमेदवारानं येताना स्वतःचं एक ‘इन्स्ट्रुमेंट’, त्याला जोडलेल्या सर्व वस्तूंसह, घेऊन यावं असं कंपनीनं कळवलं होतं. ही ओळ सावळारामच्या जाणकारांनी आधीच लावून ठेवली होती. तासाभरात सरोजमावशींकडची बाजाची पेटी गल्ली ओलांडून चिटणिसांच्या ओटीवर आली. मोठ्या माणसांना गाण्याबजावण्याचा शौक असतो, मावशींनी समजावलं. फक्त काळी चारचा सूर अडकतो, तेवढा टाळून वाजवावं. उपेंद्रनं सांगून पाहिलं, की कायद्यात इन्स्ट्रुमेंट म्हणजे खत. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसखत यांपैकी काहीही, पण उमेदवारानं स्वतः लिहिलेलं आणि दोन्ही पक्षांनी सही केलेलं. पेटी परत गेली, पण मावशींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे कित्येक दिवस त्या उपेंद्रकडे, संधी आली असताना गळा बसलेल्या माणसाकडे पाहावं तशा पाहत.

पेटी तरी मिळाली होती. खत कुठून आणायचं? भोर तालुक्यातली सगळी खतं दस्तलेखक मानसिंग लिहीत असे. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली पत्र्याची पेटी मांडून तो बसे आणि एकदाही वर न बघता गावाची जमीन इकडची तिकडे करी. एखादं खत मला लिहू द्याल का, असं उपेंद्रनं त्याला अदबीनं विचारलं. मानसिंगनं टाक पुसला. "जरूर लिहा, वकीलसाहेब. मग आम्ही कोर्टात उभं राहून काय बोलायचं, तेवढं सांगून ठेवा." झाडाखालची मंडळी हसली. उपेंद्र झाडाच्या शेंड्याकडे बघू लागला.

शेवटी नारायणराव दफ्तरातून उठल्यासारखे उठले. विंझरच्या वरच्या वाडीत बाजी म्हणून एक मेंढपाळ होता. संस्थानच्या काळात त्याच्या चराईच्या नोंदी नारायणरावच ठेवत. मंगळवारच्या बाजाराला त्याच वाडीचा गेनबा आला, तेव्हा त्याच्याजवळ त्यांनी अगदी काटेकोर निरोप दिला: आमच्या उपेंद्रला एक खत हवं आहे, चांगलं हवं, मुंबईच्या मोठ्या साहेबांना दाखवायचं आहे, शनिवारी तो स्वतः येईल. या निरोपात कायद्यानं बोट ठेवावं अशी एकही जागा नव्हती. गेनबानंही तो काना-मात्रा न बदलता पोचवला. पुढे जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती, आणि कुणाचीच चूक नसलेल्या गोष्टीच निस्तरायला अवघड असतात.

शनिवारी उपेंद्र एसटीनं विंझरला उतरला आणि बगलेत स्टँपपेपर धरून चढण चढू लागला. माघाचं ऊन इतकं पातळ पडलं होतं, की समोरचे डोंगर खरे नसून कुणीतरी आठवून सांगतंय असं वाटावं. वर एक घार फिरत होती. तितक्याच सावकाश, तितक्याच खानदानी. तिच्याकडे बघण्यात उपेंद्र दोनदा वाट चुकला आणि एकदा ओघळीत उतरला, पण तोवर मनातल्या मनात त्यानं मुंबईला तीन अशिलांना वाटेला लावलं होतं.

बाजीच्या दारात घोंगडं अंथरलेलं होतं. बाजी साठीचा, मोजकं बोलणारा. त्याच्या वाटचं बोलणं बायको कोंडाबाई उरकत असे. पाणी झालं, चहा झाला, नारायणरावांची तब्येत विचारून झाली, आणि कोंडाबाईनं मुद्द्याला हात घातला.

"कसं पायजे म्हंतासा? जुनं का नवं?"

"नवंच हवं," उपेंद्र म्हणाला. "जुन्यात कुणी ना कुणी हात घातलेला असतो."

हे बाजीला पटलेलं दिसलं.

"आन किती?"

"एक पान पुरे. फार तर दोन."

कोंडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मुंबईचा एवढा सायब आणि दोन पानं. तरी ती उठली आणि कुडाला खोचलेली पळसाची दोन पानं घेऊन आली. उपेंद्रला वाटलं जेवायला वाढतायत. तो म्हणाला, आधी खत, मग जेवण. कोंडाबाई यावर जरा मागं सरकली.

"सायबाला वास चालंल न्हवं?"

उपेंद्रला हा प्रश्न फार आवडला. लॉ कॉलेजातले त्याचे प्राध्यापक म्हणत, की चांगल्या खताचा जाणत्याला लांबूनच वास येतो. त्यानं ते सांगितलं. बाजी पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, सायब जातीचा शेतकरी दिसतोय.

"फक्त दोन्ही बाजूंचे अंगठे लागतील," उपेंद्र म्हणाला, "आणि दोन साक्षीदार."

मग कोंडाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "वकील, मेंढराचा अंगठा कसा घ्याचा?"

तेव्हा कुठे त्याला कुडाशी टेकवलेलं पोतं दाखवण्यात आलं. चांगलं खत, तेही मुंबईला दाखवायचं, म्हणून कोंडाबाई तीन दिवस लेंड्या निवडत होती. खडा काढलेला, काडी काढलेली, वाळवून चाळणीनं चाळलेलं. एवढं देखणं खत विंझर पंचक्रोशीत कुणी पाहिलं नसेल. उपेंद्र पोत्याकडे बघत राहिला. विद्यापीठाची पदवी, दोन वर्षांची सनद आणि दोन तासांची चढण यांच्या शेवटी ते पोतं उभं होतं.

त्यानं दोन्ही खतांमधला फरक समजावला. कोंडाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग कागदाचं खतबी हाय की हितं. खताचंच हाय."

भानगड अशी होती. पीक निघाल्यावर शेतकरी मेंढपाळाचा कळप रात्री आपल्या वावरात बसवून घेतात. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य मेंढपाळाला. खालच्या अंगाच्या नाथानं बाजीची मेंढरं सात रात्रींसाठी ठरवली होती. पाचव्या रात्री लांडग्याची चाहूल लागून कळप बिथरला आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसला. नाथा म्हणे ती रात्र मोजायची नाही. बाजी म्हणे मेंढरं बसली, रात्र भरली. त्या दिवसापासून लहानपणचे हे दोन दोस्त एका चंचीतली तंबाखू खात नव्हते. कार्तिकापासून दोघंही आपापली खात होते, आणि दोघांनाही ती लागत नव्हती.

दोन पक्ष, एक वाद आणि समोर कोरा स्टँपपेपर. उपेंद्रच्या डोक्यातला पंखा पुन्हा फिरू लागला. कोंडाबाईनं दरीच्या काठावर उभं राहून हाळी दिली, आणि अर्ध्या तासानं नाथा बाजीकडे न बघता घोंगड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

लेखन पहिल्याच कलमाला अडलं. रात्र म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, असं उपेंद्रनं लिहायला घेतलं. नाथाची हरकत, की कळप कधीच सूर्यास्ताला येत नाही. बाजीची हरकत, की उन्हं वर येईपर्यंत तो हलतही नाही. कोंडाबाई भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "मेंढरू बसलं की रात. उठलं की दिस. तुमी मदी सूर्याला कशाला वडता?"

कायद्याच्या एकाही पुस्तकात इतकी स्वच्छ व्याख्या उपेंद्रला आढळली नव्हती. त्यानं लिहिलं: ‘रात्र म्हणजे कळप बसल्यापासून उठेपर्यंतचा काळ, मग आकाशात काहीही असो.’ शेवटचे चार शब्द त्याचे स्वतःचे होते. ते लिहून झाल्यावर तो थोडा वेळ आकाशाकडेच बघत राहिला.

मग कलमं भराभर पडली. लांडगा आला तर काय, मेंढी व्याली तर काय, कुत्र्याला भाकरी कुणी घालायची. कोंडाबाई सांगे आणि पदवीधर लिही. खतात माती मिसळण्याची वाईट चाल पडली आहे, असं नाथानं म्हटल्यावर ‘सोबत जोडलेल्या नमुन्याप्रमाणे’ असे शब्द पडले आणि परिशिष्ट म्हणून नमुनाही जोडायचं ठरलं. शेवटी नाथानं मनातली शंका काढली.

"आमी दोगं अडाणी. उद्या भांडान झालं तर ह्ये बोलनार कसं? कागूद काय तोंड उघडतोय?"

त्या पातळ उन्हात उपेंद्रला स्वतःचं नाव लिहिताना काही वाटलं नाही. सातवं कलम: वाद पडल्यास हे खत उपेंद्र नारायण चिटणीस यांनी येऊन वाचून दाखवावं. एवढ्या वर चढून येणारा माणूस तसाच परत गेला तर घराची शोभा जाते, म्हणून त्यातच कोंडाबाईनं भर घातली, की वाचून झाल्यावर वाचणाऱ्यानं एक रात्र मुक्काम करावा; त्याशिवाय वाचन पुरं झालं असं समजू नये.

शाईची गादी भोरलाच राहिली होती. तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवून अंगठे उठवले. साक्षीला गेनबा आणि त्याची आई बनाबाई. दोन प्रती झाल्या. एक कोंडाबाईनं आढ्याला खोचली, दुसरी उपेंद्रनं घेतली. पोतं मात्र ती ठेवून घेईना. सांगितलं होतं म्हणून निवडलं, तेव्हा न्यायलाच हवं. एसटीच्या कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं. उपेंद्र म्हणाला, कायद्याचं परिशिष्ट. कंडक्टरनं वास घेतला आणि म्हणाला, तरीच.

सर्व जोडवस्तूंसह, असं पत्रात स्पष्ट असल्यामुळे नमुना मुंबईला नेण्यावाचून इलाज नव्हता. सौदामिनीनं त्यासाठी खणाची थैली शिवली. तिच्या लग्नात ओटी भरायला ठेवलेला खण होता. पण चालून दाखवायला दादा निघालाय, तर खणही त्यालाच, असं ती म्हणाली. उरलेल्या पोत्यानं सरोजमावशींचा मोगरा अवेळी फुलला.

मुलाखतीच्या दिवशी उपेंद्रनं बहिणीचा सल्ला पाळला. वर बघितलं नाही, नजर बुटांच्या टोकांवर ठेवली. त्यामुळे समोरचं स्टूल दिसलं नाही, आणि तो ठरल्यापेक्षा लवकर टेबलापाशी पोचला. टेबलामागे तिघं होते. पिकरिंगसाहेब थैलीच्या दिशेनं नाक फिरवत होते, तिसरे गृहस्थ घड्याळ बघत होते, आणि म्हातारे झावबासाहेब चष्मा कपाळावर सारून मूळ खत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी मराठीत विचारलं, "रात्रीची व्याख्या कुणाची?"

"कोंडाबाईची," उपेंद्र म्हणाला. "आकाश माझं."

"आणि सातव्या कलमात स्वतःलाच बांधून घेतलंत? वकील कधी असं करतो?"

"त्यांना वाचता येत नाही."

"समजा, तुम्ही इथं लागलात. आणि तिकडे वाद पडला."

या प्रश्नाचं चांगलं उत्तर काय, ते उपेंद्रला दिसत होतं. डोक्यावरचा पंखाही तेच उत्तर सावकाश सांगत होता. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "लिहिलंय, तर जावं लागेल."

तिसऱ्या गृहस्थांनी घड्याळ खिशात टाकलं. झावबासाहेबांनी थैली उघडली, चिमूटभर खत बोटांत चुरून पाहिलं, पुन्हा नाडी बांधली आणि थैली आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लोटला. एवढंच झालं.

त्यानंतर सव्वीस दिवस काहीच आलं नाही. नकलनविसाची जागा एक तारखेपासून रिकामी होत होती, आणि नारायणराव बोलत नसले तरी त्यांनी मुलासाठी नवी निबं आणून ठेवली होती. तीस मार्चला सावळारामनं कार्ड आणून दिलं. भोरच्या पोस्टाचा शिक्का अठ्ठावीसचा होता. कार्डावर ‘पसंत’ हा शब्द दिसल्यामुळे सौदामिनीचं जमलं अशा समजुतीनं ते दोन दिवस गावभर अभिनंदन स्वीकारत फिरत होतं. झावबासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘आपले खत पसंत पडले. एक तारखेस सकाळी दहाला कामावर हजर व्हावे. येताना आणखी आणावे.’

नोकरी लागली, यात शंका नव्हती. कुठल्या खतानं, यावर मात्र घर दुभंगलं. नारायणराव म्हणाले, अर्थात कागदाचं. म्हाताऱ्याला अक्षर आवडलेलं दिसतं. सौदामिनी म्हणाली, जो माणूस लेंड्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, तो कागद मागवणार नाही. त्याच्या गच्चीवर गुलाब असणार. मानसिंगला विचारलं, तर तो म्हणाला, दोन अर्थांचा मजकूर आम्ही लिहीत नाही. कोंडाबाईचं खत न्यावं यावर शेवटी एकमत झालं, कारण दुसरं लिहायला वेळच नव्हता. एकतीसला पहाटे उपेंद्र विंझरकडे निघाला. नारायणराव ट्रंक घेऊन नसरापूरच्या फाट्यावर थांबणार, तीनची एसटी त्याला खाली आणणार, तिथून पुणं, तिथून मुंबईची गाडी. यातली एक कडी चुकली तर नवी निबं होतीच.

वाडीवर बाजी आणि नाथा एकाच घोंगड्यावर, एका चंचीतली तंबाखू खात बसले होते. उपेंद्रला पाहून दोघं सावरून बसले.

"बरं झालं आलासा," नाथा म्हणाला. "वाद पडलाय."

"कसला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ह्यो म्हंतो खतात सात कलमं हायती," नाथा म्हणाला. "म्या म्हंतो आट."

वाद खरा होता आणि खताचाच होता. कोंडाबाईनं आढ्याचा कागद काढून दिला. उपेंद्रनं पहिल्या ओळीपासून वाचला. दोघं डोळे मिटून, कुणीतरी आपलीच कहाणी सांगावी तसे ऐकत होते. सात कलमं आणि एक परिशिष्ट निघालं, त्यामुळे दोघंही जिंकले. उपेंद्रनं मागितलेलं पोतं कोंडाबाईनं तोवर भरलं होतं; ते उचलायला तो उठला.

"आता रात ऱ्हावा," बाजी म्हणाला.

उपेंद्रला आठवलं. ते आत्ताच त्यानं खणखणीत आवाजात वाचलं होतं. त्याशिवाय वाचन पुरं झालं असं समजू नये. तसाच निघून गेला असता, तर या डोंगरावरून त्याच्यावर दावा लावायला कोण मुंबईला येणार होतं? पण झावबासाहेबांना त्यानं ‘जावं लागेल’ असं सांगितलं होतं, आणि समोर दोन म्हातारी माणसं इतक्या विश्वासानं बघत होती, की तो खाली बसला. डोक्यातला पंखा हळूहळू मंद होत थांबला. दुपारचा एक वाजला असेल.

चैत्राच्या तोंडाचं ऊन. चरून तट्ट झालेला कळप उतारावरून आला आणि उंबराच्या सावलीत शिरला. एक मेंढी बसली, दुसरी बसली. मग धुणं घडी करून ठेवावं तसा सगळा कळप खाली बसत गेला. घंटा वाजायच्या थांबल्या.

कोंडाबाई कळपाकडे बघत होती. "वकील, खतात रात कशी लिवलीया?"

"कळप बसल्यापासून उठेपर्यंत," उपेंद्र म्हणाला आणि मग जरा हळू, "मग आकाशात काहीही असो."

"मग झाली न्हवं. निजा."

बाजीनं मुकाट्यानं घोंगडं सारखं केलं. नाथानं आवाज खाली आणला, रात्री आणावा तसा. कुत्रं पाय पसरून पडलं. उपेंद्र पाठीवर आडवा झाला. वर लख्ख आकाश होतं, आणि त्यात ती घार सावकाश फिरत होती. तिचा वारा त्याला लागला, अशी पुढे तो शपथ घ्यायला तयार असे. त्याला खरोखरच झोप लागली. स्वप्न मात्र पडलं नाही. बहुधा प्रथमच त्याची गरज नव्हती.

"उठा," कोंडाबाई म्हणाली. "उजाडलं."

मेंढरं उठून अंग झाडत होती. सूर्य जरासा कलला होता. तिनं न्याहारी म्हणून भाकरी आणि लसणाचा गोळा फडक्यात बांधून दिला, पोत्याचं तोंड आवळलं आणि ते त्याच्या खांद्यावर दिलं. एसटीला सव्वा तास होता, आणि एक रात्र कायदेशीर पुरी झाली होती.

तो उताराला लागला तोच मागून नाथाची हाळी आली.

"वकील, ही रात कुनाची धरायची? मेंढरं माझ्या उंबराखाली बसली व्हती."

बाजी काहीतरी म्हणाला. मग कोंडाबाईही काहीतरी म्हणाली. उपेंद्रनं मागं पाहिलं नाही. बहिणीनं दिलेला सल्ला विसरून, वर बघत, खांद्यावर खत घेऊन, तो शक्य तितक्या भरभर मुंबईकडे चालू लागला.